पोचा

मोटारीच्या अंगावर जेवढे म्हणून दागिने असतात, त्यांत बंपरइतका विचित्र दागिना दुसरा नाही. नथ घालायची ती मिरवायला आणि ढाल धरायची ती घाव झेलायला, हे कुणालाही कळते. पण नथ ढालीच्या जागी बांधून भर रस्त्यात उतरायचे हा उद्योग मोटारवाल्यांनीच केला. आरशासारखे चकाकणारे, बोट लावले तरी ठसा उमटेल असे ते पोलाद. आणि त्याचे काम काय, तर दुसऱ्याचा धक्का आधी आपण खायचा!

हल्लीच्या गाड्यांनाही बंपर असतो म्हणतात. असेल. तो प्लास्टिकचा असतो, गाडीच्याच रंगाचा असतो, आणि गाडी कुठे संपली नि बंपर कुठे सुरू झाला हे विमा कंपनीच्या माणसाखेरीज कुणाला सांगता येत नाही. मी सांगणार आहे ते जुन्या, क्रोमच्या बंपराबद्दल. तो गाडीपासून वेगळा काढता येत असे, दोघांनी खांद्यावर घालून नेता येत असे, आणि परत आणून बसवताही येत असे. हे शेवटचे काम वाटते तेवढे सोपे नाही, एवढे मला गेल्या वर्षी कळले.

आमची गाडी १९६५ सालची फियाट. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली, 'अकराशे डिलाइट' नावाची. पन्नाशीच्या दशकातली जी गोल पाठीची फियाट लोक 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखत, तिची ही धाकटी, अधिक सुबक बहीण. हिलाच पुढे १९७४ पासून 'पद्मिनी' म्हणू लागले, आणि त्या नावाने ती काळ्यापिवळ्या वेषात मुंबईच्या रस्त्यांवर इतकी वर्षे राबली की, ३० ऑक्टोबर २०२३ रोजी शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहावेत तसे लेख लिहिले. आमची मात्र टॅक्सी नव्हे. आमचे वडील कऱ्हाडला डॉक्टर होते. त्या काळी गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आमच्याकडे गाडी आली तेव्हा आईने तिला कुंकू लावले, ते बॉनेटला नव्हे, पुढच्या बंपरला. "बॉनेटचा रंग खराब होईल, इथे पुसता येतं," हे तिचे कारण. आमच्या घराण्यात भक्तिभावाला व्यवहाराची बाजू नेहमीच असते.

वडील गेल्यावर ती गाडी वाड्याच्या मागच्या छपरात ताडपत्रीखाली उभी राहिली. वाड्याची वाटणी झाली २०१३ साली. अंगणातून भिंत उठली. भिंतीच्या पलीकडचा भाग दादाचा, अलीकडचा माझा, आणि आई दोघांच्या मध्ये. गाडी अलीकडे उभी होती म्हणून माझ्याकडे आली, यात न्याय किती नि योगायोग किती हे दादाचे आणि माझे कधी बोलून झाले नाही. बोलणेच फारसे होत नव्हते. जे काय कळवायचे ते आईकरवी. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई दोन स्वयंपाकघरांतून निरोप पोचवीत होती, आणि आमचे टेलिफोन आपापल्या खिशांत गप्प होते.

मी पुण्यातली नोकरी संपवून कऱ्हाडला येऊन राहिलो आणि गाडी पुन्हा उभी करायची ठरवली. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना सरकारने २०२१ पासून 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे. अट एवढीच, की गाडी मूळ रूपात असावी. इंजिनाची हकीकत सांगत बसत नाही. १०८९ सी.सी.चे ते साधे, प्रामाणिक यंत्र; आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी दोन महिन्यांत बोलते केले. पत्र्याचे काम नि रंग यांत चार महिने गेले. पण गाडीचा चेहरा तिला परत मिळाला नव्हता. बिनबंपरची मोटार कवळी काढून ठेवलेल्या माणसासारखी दिसते. डोळे तेच, कपाळ तेच, पण ओळख पटत नाही.

बंपर काढताना बोल्टांनी दोन दिवस खाल्ले. साठ पावसाळ्यांनी नट आणि बोल्ट यांचा भेद मिटवून टाकला होता. रॉकेल पाजले, रात्रभर ठेवले, पाना लावून पाहिला. शेवटी करवतीच्या पात्यानेच कापावे लागले. गंमत अशी, की बंपराची दर्शनी बाजू अजून बऱ्यापैकी होती, सारा गंज पाठीमागून आला होता. त्याचे कारण मला नाना पेठेतल्या एका मुलामेवाल्याने समजावून सांगितले, आणि तो दिवस मी फुकट घालवला असे मला अजून वाटत नाही.

वाचकांनी कल्हई पाहिली असेल. भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचे, की झाले. मुलाम्याचे तसे नाही. तिथे भट्टीऐवजी वीज असते. आधी जुना मुलामा उतरवायचा. मग उघडे पोलाद घासून, बफाच्या चाकावर धरून गुळगुळीत करायचे. मग तांब्याचा थर. तो बारीक भोके भरून काढतो. त्यावर निकेल, आणि सर्वांत शेवटी क्रोम. आपण ज्याला क्रोमची चकाकी म्हणतो ती बरीचशी खालच्या निकेलची असते. क्रोम नुसता वरचा पदर, मायक्रॉनच्या एका अंशाएवढा. पण तोच निकेलला पिवळे पडू देत नाही, ओरखडे सोसतो आणि ती निळसर थंड झाक देतो. नाव एकाचे नि राबणारा दुसरा, ही जगाची रीत त्या हौदातही आहेच. आणि वीज आळशी असते. समोरच्या उंचवट्यांवर, कडांवर ती धातू भरपूर नेऊन टाकते. आतल्या खोलगट पाठीकडे जातच नाही. म्हणून बंपर पुढून आरसा नि मागून उघडा. ज्याला बंपर टिकवायचा आहे, त्याने बसवण्याआधी आतल्या बाजूला रंगाचे दोन हात द्यावेत. ही एवढी गोष्ट साठ वर्षांपूर्वी कुणी केली असती तर माझे पुष्कळ पैसे वाचले असते.

क्रोमचा हौद मी लांबूनच पाहिला. काळपट तांबडे पाणी, वरती वाफ ओढून घेणारा पंखा. त्या आम्लाची वाफ नाकाचा पडदा खाते, कातडीला जखमा करते, शिवाय ते कर्करोगाचेही कारण आहे. हातमोजे घातलेला तो पोरगा ज्या बेफिकिरीने सळ्या उचलत होता ते पाहून माझ्यातल्या डॉक्टरच्या मुलाला राहवले नाही. मी म्हटले, "मास्क का नाही रे?" तो म्हणाला, "काका, पंखा आहे ना." मालकाने लगेच मास्क आणवला. मी गेल्यावर तो कुठे गेला असेल, कोण जाणे. जुन्या गाड्यांच्या चकाकीचे कौतुक करताना त्या पोराच्या नाकाची आठवण ठेवावी, असे मला तेव्हापासून वाटते.

पण खरी अडचण निराळीच होती. बंपर हातात घेऊन मालकाने त्यावरून तळवा फिरवला आणि डाव्या टोकाशी थांबला. "हा पोचा काढायचा ना?"

हा पोचा म्हणजे आमच्या घरातली ऐतिहासिक वस्तू. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. फडताळातली भांडी पडल्याचा आवाज, कंदील, आणि अंगणात सगळ्यांनी दिवस उजाडण्याची वाट पाहणे, एवढेच मला आठवते. वडील मात्र उजाडायची वाट न पाहता कंपाउंडरला घेऊन, गाडीत कापूस, पट्ट्या, टिंक्चर भरून पाटणच्या रस्त्याने कोयनानगरला निघाले. धरण टिकले, पण कोयनानगरची घरे टिकली नव्हती. पावणेदोनशेच्या आसपास माणसे त्या एका पहाटे गेली. वडील दुसऱ्या दिवशी रात्री परतले ते मागच्या सीटवर दोन जखमींना आडवे घालून. वाटेत एका वळणावर डोंगरावरून आलेला धोंडा पडला होता. अंधार, धूळ, आणि चालक उजवीकडे बसलेला. गाडीच्या डाव्या कोपऱ्याने तो धोंडा घेतला. मडगार्डला खरचटलेसुद्धा नाही. बंपराने आपले काम केले होते.

तो पोचा घेऊन गाडी पुढे कित्येक वर्षे चालली. वडिलांनी तो मुद्दाम ठेवला, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. शाळेत मी तो पोरांना दाखवीत असे. एखाद्या जुन्या सैनिकाच्या अंगावरच्या वाराच्या खुणेसारखा तो मला वाटे. अर्थात मी मुलामेवाल्याला सांगितले, "पोचा राहू दे. नुसता मुलामा चढव."

तो म्हणाला, "साहेब, ठेवतो. पण माझं नाव सांगू नका कुणाला."

ही बातमी आईकरवी भिंतीपलीकडे गेली आणि संध्याकाळी आईकरवीच उत्तर आले. दादाचे म्हणणे, एवढा खर्च करून पोचा ठेवणे हा वेडेपणा आहे. गाडी वडिलांची आहे, त्यांना गबाळेपणा खपत नसे. मी उलट निरोप धाडला, की तो गबाळेपणा नव्हे, स्मारक आहे. त्यावर दादाचे, की स्मारके चौकात बांधतात, बंपरावर नव्हे. असे तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी आई पाटावर बसली आणि म्हणाली, "आता मी हेलपाटे घालणार नाही. ह्यांना तो पोचा काढायचाच होता. दर दिवाळीला म्हणायचे, यंदा बंपर दुरुस्त करून आणू. मग फराळाचं, कपड्यांचं निघायचं, कुणाची फी बुडायची. राहून गेलं ते राहूनच गेलं."

मी म्हटले, "पण मला तर वाटायचं—"

"तुला वाटायचं ते तू वाटून घे. पण ते म्हणायचे ते हे."

आता यापुढे काय बोलणार? माझ्या साठ वर्षांच्या स्मारकाचा पाया आईने एका वाक्यात काढून घेतला. आणि चमत्कारिक गोष्ट अशी, की वडील त्याने लहान झाले नाहीत. भूकंपाच्या रात्री धावून जाणारा माणूस मला माहीत होता. दर दिवाळीला मुलांचे कपडे आणि बंपर यांत कपड्यांचा कौल देणारा माणूस मला नव्याने कळला. मी पुण्याला फोन केला, "पोचा काढा."

बंपर परत आला तो जुन्या चादरीत गुंडाळून, एखाद्या तान्ह्या मुलासारखा. डावे टोक उजव्यासारखेच सरळ. त्यात मी माझे तोंड पाहिले. लांबट आणि जरा संशयी दिसले.

बसवण्याच्या रविवारी मिस्त्री मसूरला लग्नाला गेले. बंपर ही एकट्याने बसवायची वस्तू नव्हे. वजनाने ती फार नाही; पण एका हाताने टोक धरून दुसऱ्या हाताने पलीकडच्या टोकाला बोल्ट घालायला माणसाला सात फुटांचे हात लागतील. आणि नवा रंग समोरच. टोक जरा घसरले, की चार महिन्यांच्या कामावर ओरखडा. मी आईला म्हटले, मिस्त्री येईपर्यंत थांबू. आई काही बोलली नाही. ती उठून भिंतीशी गेली आणि तिने हाक मारली, "अरे, याला एक टोक धरायला माणूस हवंय."

दादा आला. त्याने चपला बाहेर काढल्या, छपरात देखील, आणि बंपराकडे पाहून म्हणाला, "मडगार्डवर घोंगडी टाक आधी."

बारा वर्षांनी मला उद्देशून बोललेले ते पहिले सलग वाक्य. मी घोंगडी टाकली.

या कामाची पद्धत अशी. आधी दोन्ही ब्रॅकेट गाडीच्या अंगाला लावायचे, पण सैल. मग बंपर उचलून ब्रॅकेटवर टेकवायचा आणि एकेक बोल्ट घालून नटाचे दोन-तीन आटे तेवढे धरवायचे. घाईने एक बाजू आवळली तर दुसऱ्या बाजूची भोके जुळत नाहीत. बोल्ट क्रोमच्या डोक्याचे, मानेला चौकोनी, म्हणजे नट फिरवताना बोल्ट फिरू नये. त्यांच्यावरही मुलामा चढला होता, आणि आट्यांत धातू भरून नट पुढे जाईना. डाय फिरवून आटे मोकळे केले, प्रत्येकाला ग्रीजचे बोट लावले. पुढच्या पिढीने तरी करवत शोधत बसू नये. उभ्या गार्डांच्या खाली रबराची पट्टी दिली, नाहीतर क्रोमवर क्रोम घासून तिथेच गंजाला तोंड फुटते. पान्याच्या तोंडाला दादाने चिकटपट्टी गुंडाळली. हे मला सुचले नव्हते.

सगळे सैल लागले. आता उंची आणि अंतर. दादाने गवंड्याची पाण्याची नळी आणायला सांगितली, तेव्हा मी म्हटले, "दादा, छपराची जमीन कुठे सपाट आहे? बंपर जमिनीशी नाही, गाडीशी जुळवायचा." त्याने क्षणभर विचार केला आणि मान हलवली. मग आम्ही टेप घेतली. मडगार्डच्या कडेपासून उजवीकडे मोजले, डावीकडे मोजले. उंची बरोबर. पण डावे टोक गाडीच्या पाव इंच जवळ.

पहिला संशय अर्थातच मुलामेवाल्यावर. बंपर पुन्हा खाली घेतला, घोंगडीवर ठेवला, टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणून पाहिली. सरळ! माणसाने आपले काम चोख केले होते. मग दादाने दोन्ही ब्रॅकेट काढायला लावले. ते एकमेकांचे प्रतिबिंब असतात, म्हणून पाठीला पाठ लावून उभे धरले. उजवा सरळ होता. डावा मानेपाशी किंचित मागे दबलेला. इतका किंचित की, मिस्त्रींनी त्याला घासून, तांबडा नि काळा रंग देऊन ठेवला तरी त्यांच्या लक्षात आले नव्हते. पोचा आम्ही इतकी वर्षे पाहत होतो, दाखवीत होतो, त्यावर भांडत होतो. पण त्या धोंड्याचा अर्धा मार आतल्या आत या पट्टीने खाल्ला होता, आणि तिच्याकडे कुणी वाकून पाहिले नव्हते.

दादा तो ब्रॅकेट हातात घेऊन बराच वेळ बसला. त्या रात्री तो अकरा वर्षांचा होता. वडील परतले तेव्हा जखमींना उतरवून घेताना कंदील त्याने धरला होता, हे मला त्याच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकायला मिळाले. त्यातल्या एका बाईने त्याचे मनगट घट्ट धरले होते आणि ती दवाखान्याच्या दारापर्यंत सोडीना, असेही तो म्हणाला. पुढे त्या बाईचे काय झाले ते त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

मी म्हटले, "उद्या मिस्त्री आले की गॅसवर तापवून सरळ करून घेऊ. दहा मिनिटांचं काम."

"नको," दादा म्हणाला. "रंग जळेल."

रंग शंभर रुपयांचासुद्धा नव्हता. पण पोचा काढा म्हणून तीन दिवस निरोप धाडणारा माणूस हे म्हणत होता, तेव्हा मी रंगाच्या किमतीचा हिशेब काढला नाही.

"मग?"

"वायसर घाल मधे."

ब्रॅकेट आणि बंपर यांच्यामध्ये पाव इंच भरून काढायला तीन जाड वायसर पुरतात. दोन बोल्टांना मिळून सहा. पण मग बोल्ट तोकडे पडले. नटाला पुरेसे आटे मिळेनात. आई वरून म्हणाली, "ह्यांचा कापसाचा डबा बघा, त्यात काय काय होतं." दवाखान्याचा तो पत्र्याचा डबा माळ्यावर होता. त्यात सेफ्टी पिना, एक मोडका थर्मामीटर, कुर्ल्याच्या कारखान्याची एक पिवळी पडलेली पावती आणि नट-बोल्टांची मूठभर वर्दळ. लांबीला पुरतील असे दोन निघाले. डोकी क्रोमची नव्हती; त्यांना चंदेरी रंग देऊन काम भागवले. गार्डाच्या आडोशाला ती दिसत नाहीत. कुणी वाकून पाहिलेच तर दिसोत बापडी.

मग बंपर पुन्हा उचलला. दादा डावीकडे, मी उजवीकडे. मधल्या बोल्टांपासून बाहेरच्या बोल्टांकडे, एकेक पाव फेरा, आळीपाळीने आवळत गेलो. "थांब." "जरा वर." "माझ्याकडे ये." "बास." तासभर आमचे संभाषण एवढेच होते, आणि त्यात एकही शब्द आईकरवी गेला नाही. टेप लावली. उजवीकडे जेवढे, डावीकडे तेवढेच. दादाने धोतराच्या सोग्याने बंपरावरचे आमचे ठसे पुसले. आईने वाटीतले कुंकू आणले आणि विचारले, "कुठे लावू?" आम्ही दोघांनी एकदमच बंपराकडे बोट केले.

मागचा बंपर अजून पुण्याहून यायचा होता. नंबरपाटीच्या दिव्याची तारही ओढायची राहिली होती. दादा चपला घालता घालता म्हणाला, "पुढच्या रविवारी मिस्त्रीला बोलावू नकोस. तुझा सतरा नंबरचा पाना झिजलाय, नटाची कड खातो. माझ्याकडचा घेऊन येईन."